अवतरणातली पोती

मार्केट यार्डात हळदीचे सौदे दुपारपर्यंत उरकतात.
मग गाळ्यात उरतो पिवळा वास
आणि मी, आदगोंडा मगदूम, दिवाणजी, वय चोपन्न,
कीबोर्डच्या फटींतून काडीनं हळद टोकरत
प्रोग्राम लिहायला शिकणारा.

पहिलाच प्रोग्राम. साधा.
आज कुणी किती पोती उचलली,
जास्तीचा वर, कमीचा खाली.
चार नावं, चार आकडे, एंटर.

पडद्यावर आलं:
धोंडीराम, ९८.
त्याखाली सुबराव, ९
(ताप भरला म्हणून साडेनवालाच घरी गेलेला सुबराव).
मग इराप्पा, ८७.
आणि तळाला बाबालाल मुजावर, १०४.

मी चष्मा पुसला. पुन्हा चालवला.
यंत्र आपल्या बोलण्यावर ठाम.
शेठ खुर्चीतूनच म्हणाले,
"भलताच दयाळू दिसतोय तुझा कॉम्प्युटर,
तापातल्या गड्याला दुसरा नंबर!"

शाहीन आली होती, बापाचा रिकामा डबा न्यायला,
गळ्यात पॉलिटेक्निकचं ओळखपत्र.
तिनं यादी वाचली. तळाशी जरा जास्तच वेळ थांबली.
मग म्हणाली, "काका, हे आकडे नाहीतच.
तुम्ही अवतरणात टाकलेत, त्यांची अक्षरं झाली.
ते मोजत नाहीये, शब्दकोश लावतंय.
नऊ बघितला, एक बघितला, झाला निकाल.
पुढं किती घरं आहेत ते कोण बघतंय?"

मला रुमाल आठवला.
पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा,
दोन बोटं दाबली की दोन.
दोनशे की दोन हजार, ते बोलायचं नाही,
समोरच्या तळव्याला ते आधीच ठाऊक.
यंत्राला तळवा नाही.
त्याला एकेक दाखवून सांगावं लागतं:
हा आकडा. हासुद्धा आकडा. हाही.

सांगितलं. बाबालाल वर आला.
सुबराव तळाला जाऊन पडला, त्याच्या घरच्यासारखाच.

मग मी चेकाळलो. दिवसाची उलाढाल घातली,
हातानं लिहितो तशी, स्वल्पविरामांसकट: १२,८४,५००.
यंत्रानं लाल अक्षरांत हात वर केले.
स्वल्पविराम काढले, तेव्हा गिळलं,
आणि परत ओकलं ते असं: १,२८४,५००.
शेठनी दोनदा वाचायचा प्रयत्न केला.
"एक... दोनशे चौऱ्याऐंशी... अरे, हे कुठल्या गावचं?"
शाहीन हसली. तिकडं तिनातिनानं तोडतात म्हणे,
आपल्यासारखं आधी तीन, मग दोन-दोन नाही.
अर्धा तास गेला एका लाखाला घरी आणायला.

आणि ते बरोबरचं चिन्ह!
एकदा लिहिलं तर 'ठेव',
दोनदा लिहिलं तर 'आहे का?'
मी जिथं विचारायचं तिथं ठेवून येत होतो.
बायको म्हणते, हे तुमचं आजचं नाही.

सहा वाजता बाबालाल दारात आला,
खांद्यावरचं फडकं झटकत. पिवळा धुरळा उडाला.
वाचता येत नाही त्याला एवढं बारीक.
"किती लागली माझी?"
"एकशे चार," शाहीन म्हणाली. "पहिला नंबर, अब्बा."
बाबालाल थोडा वेळ छताकडं बघत राहिला,
ओठ हलत होते, बोटांची पेरं हलत होती.

"एकशे पाच," तो म्हणाला.
"ते फाटकं पोतं धरलं नाही तुम्ही.
मी कवळ्यात घेऊन गेलो होतो ते."

शेठ काही बोलले नाहीत.
मी चार खोडला, पाच लिहिला,
अवतरण न घालता.